साहेब जेवले

माणिकराव साहेब मुंबईच्या दवाखान्यात अन्नाचा कणही न घेता पडून आहेत, असं मलकापूरच्या मंडपात माइकवरून सांगणं चालू होतं, त्याच दुपारी माझ्या पोरीनं त्यांना तळलेला मासा वाढला. वर आणखी एक तुकडा त्यांनी मागून घेतला.

पूनमचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात होते. पोरं घरी गेली होती आणि मी खिचडीची घासलेली पातेली आत ठेवून घेत होते. पूनमचा फोन रविवारी येतो. तो वार बुधवार होता, म्हणून नंबर बघताच मी घाईनं उचलला.

"आई, माणिकराव साहेब अठी हायेत."

"कुठी?"

"अठी, बेटावर. आमच्या हॉटेलात. मी आत्ता वाढून आली त्याइले."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "तुले भास झाला, वं. साहेब तर दवाखान्यात हायेत. तुह्या बापानं त्याइच्यापायी अन्न सोडलं."

पलीकडून पूनमचा रडका आवाज आला. "आई, त्याइनं मले नावानं हाक मारली."

माझ्या हातातलं झाकण खाली पडलं. ते गरगर फिरत पायरीपर्यंत गेलं.

ते वर्ष बोंडअळीचं. बीटी बियाण्याच्या पाकिटावर पांढऱ्याशुभ्र फुटलेल्या बोंडाचं चित्र, आणि शेतातलं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आरामात लोळत पडलेली. आमच्या गावात लोकांनी उभ्या कपाशीत गुरं सोडली. मग माणिकराव साहेबांना शेतकऱ्यांचा कळवळा आला. साहेब एके काळचे आमदार, मागच्या निवडणुकीत पडलेले, म्हणून कळवळाही जरा जास्तच. कंपनीनं भरपाई द्यावी, सरकारनं चौकशी करावी, नाहीतर आपण अन्न घेणार नाही, असं म्हणत ते मलकापूरला तहसील कचेरीसमोर मंडप टाकून बसले. सोबत आमचे हे बसले. हे म्हणजे वामनराव, माझे यजमान. साहेब जिथं बसतील तिथं शेजारी बसायचं, एवढंच काम त्यांनी तारुण्यापासून मन लावून केलं.

ह्यांची एक सवय आख्ख्या मोताळा तालुक्याला माहीत होती. पंगतीत साहेबांनी पहिला घास उचलल्याशिवाय हे पानाला हात लावत नसत. लग्न असो, तेरवी असो, पक्षाचं शिबिर असो. एकदा रोहिणखेडला लग्नाच्या पंगतीत साहेब फोनवर बोलत बसले. सगळ्यांची पानं अर्धी झाली, ह्यांच्या वरणावर साय धरली, पण हे मांडीवर हात ठेवून बसलेले. मी बायकांमधून बघत होते आणि जळत होते. घरी आल्यावर म्हटलं, तुम्ही लग्न माझ्याशी केलं की साहेबांशी? हे म्हणाले, "तुले नाई समजाचं ते."

उपोषणाला बसून फार दिवस झाले नव्हते, तोच साहेबांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका आली. साहेबांनी ह्यांना आत बोलावून घेतलं, हात हातात धरला आणि कानाशी काहीतरी बोलले. हे खाली उतरले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माइक घेऊन म्हणाले, साहेब घास घेत नाहीत तोवर मीही घेणार नाही. मंडपात बायका रडल्या. पेपरात फोटो आला, खाली 'असाही एक निष्ठावंत'. मला त्या फोटोचा इतका संताप आला की मी तो पेपर चुलीत घातला.

आणि त्या बुधवारी सकाळी सरकारी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, किडनीवर यायला लागलंय. सलाईन लावू देत नाहीत. आज पोटात काही गेलं नाही तर उद्या मी काही सांगू शकत नाही." मी हात जोडले, भांडले, रडले. ह्यांनी मान दुसरीकडे वळवली. मग शाळेची किल्ली माझ्याकडे म्हणून मी गावी आले होते, आणि पूनमचा हा फोन.

पूनम होती ते बेट मॉरिशसच्या बाजूला समुद्रात कुठेतरी आहे. नकाशात ते माशी बसल्याएवढंही दिसत नाही. पोरगी औरंगाबादला हॉटेलचं शिकली, आणि साहेबांच्या एका फोनवर तिला ही नोकरी लागली. गावात पेढे वाटले आम्ही. पासपोर्ट हॉटेलवाले ठेवून घेतात, हरवू नये म्हणून. मोबाईलही जमा, रविवारी हॉटेलच्या फोनवरून घरी बोलू देतात. होडी त्यांचीच, मॅनेजर म्हणेल तेव्हा निघणारी. पूनम हे सगळं सहज सांगायची आणि आम्ही सहज ऐकायचो. मोठ्या हॉटेलात अशीच शिस्त असेल, म्हणायचो.

तिथं स्वयंपाकघरात जनकाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिची खापरपणजी कोकणातून जहाजानं ऊस तोडायला नेलेली. जनकाबाईची मराठी अशी की ऐकताना जुनं लुगडं उलगडल्यासारखं वाटतं, असं पूनम म्हणायची. ती पूनमला जुन्या गोष्टी सांगे. हॉटेलचा मधला बंगला म्हणजे त्या काळच्या गोऱ्या मळेवाल्याचं घर. त्याची दोन बेटं होती. जोडपं जहाजातून उतरलं की नवरा ह्या बेटावर कामाला आणि बायको त्या बेटावर. गोरा म्हणायचा, आता बेड्यांचा खर्च नको. नवरा पळाला तर बायकोचं काय होईल, बायको बोलली तर नवऱ्याचं काय होईल, ह्या धाकानं दोघंही मुकाट राबायची. ही गोष्ट मी माझ्या चौथीच्या पोरांना सांगितली होती. पोरांनी विचारलं, बाई, मग ते पोहून काऊन नाई गेले?

"नीट सांग," मी पूनमला म्हटलं. "कोण कोण हाय संगं?"

"कंपनीचे मालक हायेत, बियाण्याचे. हॉटेल त्याइचंच हाय म्हंते. दिल्लीचे एक सरकारी साहेब हायेत. बंगल्यासमोर जुनी घंटा हाय, मजुराइले जेवाले सोडाची. पाहुणे मजा म्हनून वाजवतात. आज माणिकराव साहेबांनी वाजवली अन् सगळे हसले." मग हळूच म्हणाली, "आई, मी भात घेऊन गेली तवा साहेब मालकाले म्हणत होते, आमचा एक मानूस मंडपात मराले टेकला हाय. उद्या त्याचं काई झालं त मले लोक आवरनार नाईत, अन् मंग तुमाले महागात जाईन. तवा आजच काय ते बोला. मालक म्हणाले, तुमचा आकडा सांगा." मग तिनंच विचारलं, "आई, तो मानूस म्हंजे बाबाच नं?"

मी तिथंच पायरीवर बसले. आपल्या नवऱ्याच्या जिवाचा कापसासारखा भाव चाललाय आणि तो ऐकायला आपलीच पोर ताट घेऊन उभी आहे! माणूस इतका नीच होऊ शकतो, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी ह्या माणसाला घरी बोलावून पुरणपोळी वाढली होती.

"तुले फोन कसा करू देल्ला?" मी शेवटी विचारलं.

"साहेबच म्हणाले. मले पाह्यलं अन् म्हणाले, वामनरावची पोरगी नं तू? मंग मॅनेजरले सांगितलं, हिले आत्ताच्या आत्ता घरी बोलू द्या."

मला वाटलं, म्हातारा पिऊन असेल. किंवा निलाजरेपणाची सवयच झाली असेल. त्याहून जास्त विचार मी केला नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. साहेब जेवलेत, हे ह्यांना कळलं की हे जेवतील. पोरीला म्हटलं, तू गप राह्य, कोणाशी काही बोलू नको. आणि चप्पल पायात अडकवून मी धावतच सुटले.

आमच्या शेजारी अब्दुल गनी राहतात. खेडोपाडी कापूस घेतात आणि मलकापूरच्या जिनिंगला घालतात. ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांची गाडी दारातच उभी होती. त्यांच्या बायकोनं ह्यांच्यासाठी रोज भाताची पेज करून थर्मासात भरून द्यायची, गनीभाईंनी ती मंडपात न्यायची आणि ह्यांनी ती परत पाठवायची, असं चाललं होतं. मी गाडीत बसले आणि रस्त्यात सगळं सांगून टाकलं. गनीभाईंनी गाडी कडेला घेतली.

"या अल्ला," ते म्हणाले. "अन् आमी इकडं त्याच्यासाठी दुवा मांगून राह्यलो."

"मी माइकवरूनच सांगते आता. सगळ्याइसमोर नागडं करते त्याले."

"भाभी, एक ऐका माह्यं. पयले वामनभाऊच्या कानात टाका. त्याले धक्का बसला त सांभायाले आपून पाह्यजे."

म्हणून मी माइककडे गेले नाही. ते बरं झालं की वाईट, मला अजून सांगता येत नाही.

मंडप भरलेला होता. महामार्गावरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर कापडी फलकावरचा साहेबांचा चेहरा हलत होता. त्याच्याखाली गादीवर हे पडले होते. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. मी ह्यांच्या तोंडाशी वाकले आणि सांगितलं. बेट, मासा, घंटा, दिल्लीचा माणूस, आकडा. मला वाटलं होतं, हे ताडकन उठून बसतील. निदान शिवी देतील.

ह्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर आश्चर्याची रेघसुद्धा नव्हती.

"फोन पूनमनं केला, का तिले करू देल्ला?" त्यांनी विचारलं.

"साहेबांनीच करू देल्ला. काऊन?"

"म्हंजे पोचले तठी," हे म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी खाली उतरलं.

"तुमाले मालूम होतं?"

मग तुटक तुटक, थांबत थांबत ह्यांनी सांगितलं. गावात अळी पडलेल्या कपाशीचं बियाणं बरंचसं साहेबांच्या पुतण्याच्या दुकानातलं होतं. चोरून आणलेलं, पावती नसलेलं बीटी. साहेबांचा शब्द म्हणून ह्यांनीच घरोघरी जाऊन ते लोकांना घ्यायला लावलं होतं. मंडपात एक म्हातारा शेतकरी येऊन ह्यांच्या गळ्यात पडून रडला, त्या रात्री हे साहेबांना म्हणाले, लोकांना खरं सांगा. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. सकाळी साहेबांच्या छातीत कळ आली.

"गाडीत बोलावलं मले," हे म्हणाले. "हात धरला अन् कानात म्हणाले, वामनराव, मी पूनम हाय त्या बेटावर चाललो. पोरीची कायजी करू नका, तिच्यावर माह्यं ध्यान राहीन. तुमी फक्त उपाशी बसून राहा. मी येतो तवालोक मंडपात कोनी काई बोलाले नाई पाह्यजे. मी समजलो, पूनमची माय. म्हनून रडलो."

सगळं जग ज्याला निष्ठा म्हणत होतं, ती ही होती. आणि मी त्या फोटोवर जळत होते. बापाला इथं मंडपात बांधलं होतं आणि पोरीला तिथं समुद्रात, आणि दोरी कुठेच दिसत नव्हती. जनकाबाईच्या गोऱ्याला मरून किती काळ लोटला असेल, पण त्याची अक्कल बुलडाणा जिल्ह्यात व्यवस्थित चालू होती. तो फोन कशासाठी होता, तेही आता मला कळलं. पोरगी माझ्या हाताखाली आहे, हा निरोप वामनरावला पोचवायचा होता. तो पोचवायला मीच चप्पल घालून धावत आले होते!

"मले काऊन नाई सांगितलं?" मी दात आवळून विचारलं.

"तू गप बसली असती?"

नसते बसले. हे त्यांना इतक्या वर्षांत बरोबर कळलं होतं.

तेवढ्यात दयाराम आला. दयाराम म्हणजे मंडपातला माइकवाला, साहेबांचा पगारी माणूस. त्याचा एक कान सतत मोबाईलला चिकटलेला. मी धावत आलेली त्यानं पाहिलं होतं. "मॅडम, काई खबर आली का साहेबांची?" त्यानं मोठ्यानं विचारलं, आणि सगळा मंडप माझ्याकडे बघायला लागला. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं हात जोडले.

खरं बोलले तर पूनमचं काय होईल? गप्प बसले तर उद्या ह्यांची तिरडी बांधायची. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मानेनं नको नको म्हणत होते. मला प्रचंड राग आला होता. त्या रागातच मला एक गोष्ट दिसली. ह्यांचा शब्द सगळ्यांसमोर दिलेला होता. साहेब घास घेत नाहीत तोवर. आणि साहेबांनी तर घास घेतला होता.

मी दयारामच्या हातातून माइक काढून घेतला.

"साहेब जेवले," मी म्हटलं. "आज दुपारी पोटभर जेवले. ज्यानं ताट वाढलं त्याचाच मले फोन आला होता. मी शाळेतली बाई हाय, खोटं बोलत नाई. साहेबांनी घास घेतला, आता आमच्या ह्यांचा शब्द पुरा झाला."

मग टाळ्या, घोषणा, बायकांचं रडणं. म्हातारीनं मंडपाच्या खांबाला डोकं टेकवलं. साहेब वाचले म्हणून लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. इतकं साधं, भरवशाचं प्रेम, आणि ते कोणावर!

ह्यांनी माझं मनगट धरलं. अंगात बळ नव्हतं, पण बोटं रुतत होती. "काय केलं वं तू हे? पोरगी तठी हाय."

"तुमी मेल्यावर कोन आनीन तिले?" मी म्हटलं. "उठा."

आणि ह्यांना नाही म्हणता येईना. सगळा मंडप गादीभोवती गोळा झाला होता. वामनभाऊ, साहेब जेवले, आता तुम्ही घ्या. तुम्हाला साहेबांची शपथ. गनीभाईंनी थर्मास उघडला, पेज वाटीत ओतली. डॉक्टर घोळक्यातून वाट काढत आले आणि म्हणाले, चमच्यानं द्या, अगदी थोडी थोडी. मी पहिला चमचा ह्यांच्या ओठांना लावला. हे माझ्याकडे बघत राहिले. मग गिळलं. गळ्याची ती हालचाल बघून माझा जीव भांड्यात पडला. माझा माणूस वाचला, एवढंच मला त्या वेळी कळत होतं.

माझा फोन वाजला. दुपारचाच लांबलचक परदेशी नंबर. मी चमचा गनीभाईंच्या हातात दिला आणि दोन पावलं बाजूला झाले. पूनम असेल म्हणून कानाला लावला.

"वहिनी," साहेबांचा आवाज आला. शांत, गोड, प्रचारात दारावर येतात तसा. "वामनराव जेवले म्हणे."

मी दयारामकडे पाहिलं. तो मोबाईल खिशात घालत होता.

"हो साहेब."

"बरं केलं तुमी. मले अजून दोन दिवस पाह्यजे होते, अठी बोलनं अर्धवटच राह्यलं. पन असो. बाईचं मन, मी समजू शकतो."

"साहेब, माह्या पूनमले जरा द्या नं फोन."

"ती वाढून राह्यली पाहुन्याइले. मस्त वाढते पोरगी, बोलनं नाई चालनं नाई. आता तिले अठी एकटं ठेवत नाई मी. येतानी संगंच घेऊन येतो. मुंबईच्या आमच्या बंगल्यावर घरच्यासारखं मानूस पाह्यजेच होतं. तिचा पासपोर्ट घेतला मी मॅनेजरजवळून. तुमी घोर करू नका." मागे कोणीतरी मोठ्यानं हसलं. भांड्यांचा आवाज आला. "अन् वामनरावले म्हणा, तब्येतीले जपा. आपल्याले पुढची निवडणूक लढाची हाय."

फोन बंद झाला. मी तो कानाला तसाच धरून उभी राहिले. मंडपात साहेबांच्या नावाच्या घोषणा चालूच होत्या.

हे गादीवरून माझ्याकडे बघत होते. गनीभाईंच्या हातातला दुसरा चमचा त्यांनी अडवून धरला होता. "कोन होतं?" त्यांनी ओठांनीच विचारलं.

मी जवळ गेले. पदरानं त्यांच्या हनुवटीवरची पेज पुसली.

"पूनम होती," मी म्हटलं. "घरी येऊन राह्यली म्हणते. जेवा तुमी."

ह्यांचे डोळे भरून आले. पहिल्यांदा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ते हसले, आणि त्यांनी आपण होऊन तोंड उघडलं.